शेवटचा पाय

मेटकरवाडीच्या फाट्यावर वडापच्या जीपगाड्या थांबतात, तिथंच नानासोनं फ्लेक्स ठोकला होता. वर बिरोबा, खाली यात्रा कमिटीच्या मंडळींचे पासपोर्ट फोटो आणि मधोमध कानाला हेडफोन लावलेला मल्हार, देवापेक्षा चांगला हातभर मोठा. 'मेटकरवाडीचे सुपुत्र, जागतिक कीर्तीचे डीजे मल्हार धुळा मेटकरी यांच्या हस्ते मानाच्या ढोलाची पहिली थाप.' तारीख परवाची. कोपऱ्यात बारीक अक्षरात शुभेच्छुक म्हणून 'विश्वजित साउंड'.

मल्हारनं गाडी बाजूला घेतली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, प्रांजलनं, काच खाली करून फ्लेक्स दोनदा वाचला.

"तू नानांना हो म्हणाला होतास?"

"न्हाई. मी म्हणलं, जायच्या आधी आबांना भेटून जातो."

"परवा तू जर्मनीत असणार आहेस, मल्हार."

"मला म्हायती हाय."

नानासोला तरी काय दोष द्यावा? या भागात माणूस येतो का नाही अशी शंका असली, की आधी त्याचा फोटो लावतात. मग तो लाजेकाजेस्तव येतो. पुढाऱ्यांवर हा उपाय बऱ्याचदा चालला होता. सख्ख्या पुतण्यावर का चालू नये, एवढाच त्याचा विचार.

पण मल्हारची गत पुढाऱ्यासारखी नव्हती. पुण्यात एका गॅरेजवरच्या खोलीत त्यानं जुन्या तबकड्यांच्या यंत्रावर हात बसवला. कॉलेजच्या गॅदरिंगला रॅप करणाऱ्या पोरांच्या मागं उभा राहिला, मोठ्या नावांच्या आधी रिकाम्या हॉलसमोर वाजवलं. रॅपर येत गेले आणि विझत गेले. मल्हार टिकला, कारण दिलेली तारीख त्यानं कधी सोडली नाही. अंगात ताप असताना वाजवलं, अंगावरची हळद निघाली नव्हती तेव्हा इंदूरला जाऊन वाजवलं. आता मिरजेच्या धैर्यशीलनं, ज्याची मराठी रॅपची गाणी बाहेरच्या देशातली पोरंही म्हणू लागली होती, त्याला युरोपच्या दौऱ्यावर सोबत घेतलं होतं. उद्या संध्याकाळी मुंबईहून विमान. हा दौरा पार पडला तर पुढचे दौरे आपोआप येणार होते. सोडला, तर त्याच्या जागी उभं राहायला पुण्यामुंबईत रांग लागलेली होती.

"इथूनच फोन करून सांग त्यांना," प्रांजल म्हणाली.

"असलं फोनवर न्हाई सांगता येत," मल्हार म्हणाला आणि त्यानं गाडी वस्तीकडं वळवली.

वस्तीवर सगळे वाटच बघत होते. लिंबाखाली खाटेवर मल्हारचा बाप धुळा बसला होता. दिवाळीत लकव्याचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर पडून असे. त्याच हातानं त्यानं उभा जन्म बिरोबापुढं ढोल वाजवला होता. मेटकऱ्यांच्या ढोलाची थाप पडल्याशिवाय गावात पालखी उचलत नाहीत, आणि ढोल बापाकडून थोरल्या पोराकडं जातो. परवा मेटकऱ्यांचं कुणी उभं राहिलं नाही तर खालची आळी तो मान घ्यायला टपून बसलेली होती. एकदा गेलेला मान कधी परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"बघितलास का फ्लेक्स?" नानासोनं खुशीत विचारलं. तो धुळाचा धाकटा भाऊ, गजातला, म्हणजे धनगरी नाचातला, जुना नाचणारा. गुडघा गेला तरी रुमाल सोडायला तयार नव्हता.

"बघितला, नाना. उद्या माझं विमान हाय."

धुळाच्या थोरल्या बहिणीनं, बनाबाईनं, चहाची थाळी खाटेवर ठेवली आणि ती तिथंच खाली बसली. नवरा गेल्यापासून ती भावाच्याच घरी होती.

"विमानं काय रोज उडत्यात," नानासो म्हणाला. "परवा पालखी उठली की तडक जा."

"परवा रात्री तिकडं पयला कार्यक्रम हाय."

"मग दुसऱ्यापासनं धर की. एका कार्यक्रमानं काय हुतंय?"

"नाना," प्रांजल मध्ये बोलली, "पहिल्या कार्यक्रमाला डीजे नसला तर धैर्यशील दुसरा उभा करणार. आणि तो दुसरा मग शेवटपर्यंत राहणार."

"सूनबाई, ह्यो आमच्या देवाचा इषय हाय. तुमी साताऱ्याच्या."

"साताऱ्याची आहे, म्हणूनच बोलते. माझे पप्पा फौजेत होते. सुट्टी संपली की ट्रंक उचलायचे, घरात कुणी आजारी असलं तरी. त्यांनी देव सोडला असं आमच्यात कुणी म्हणालं नाही."

"फौज निराळी, आन गाणी वाजवायची निराळी."

"आन मेंढरं?" बनाबाई म्हणाली.

नानासोनं मान वळवली. "मेंढरं कुठं आली मधी, आक्का?"

"आली की. दसरा झाला की आपला बाप मेंढरं घिऊन भायेर पडायचा. कोरेगावकडनं खाली कऱ्हाड, तिथनं कोयनानगरवरनं घाट उतरून कोकणात. मी चालली हाय त्या वाटनं, डोक्यावर बिऱ्हाड घिऊन. तुमी दोगं घोड्यावर बांधलेली पोरं हुता. ज्याच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायचा शबूद दिला, त्याच्या रानात त्या राती मेंढरं बसायचीच. एकदा चुकलं की म्होरल्या साली त्यो बांधावर पाय ठिवू देत न्हाई. मल्हारचं तसंच दिसतंय मला."

मल्हारनं आत्तीकडं बघितलं. त्याच्या बाजूनं या लिंबाखाली कुणी बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. नानासोचं तोंड मात्र उतरलं.

"आक्का, मी कमिटीला शबूद दिलाय त्येचं काय? उद्या फाट्यावरनं मान खाली घालून जायाचं व्हय मी?"

"तू दिलास. त्यानं न्हाई दिला."

"बास," धुळा म्हणाला.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मल्हार, तुझं वाजिवणं नानाच्या विश्वानं मला मोबाईलवर दावलंय. मागं माझा ढोल वाजतुया त्यात. तू कॉलेजात असताना टेप करून न्हेलता, त्योच."

"व्हय, आबा."

"त्यावरच नाव झालं न्हवं तुझं?"

"व्हय."

"मग जे जगाला वाजवतुयास, ते देवाला वाजवायला काय झालं?"

ते खरंच होतं. लोक त्याला ओळखत ते त्या ढोलावरूनच. धैर्यशीलनं त्याला घेतला होता तोही त्यासाठीच. प्रांजलनं त्याच्याकडं बघितलं. इतकी वर्षं तिनं या माणसाच्या तारखा सांभाळल्या होत्या. तो कशापुढं नमतो, हे तिला पाठ होतं.

"तिसऱ्या पारी गज येतुया," धुळा म्हणाला. "तवा ढोल तू धरायचास. मग काय ते बोलू."

नानासोचा पोरगा विश्वजित वस्तीमागं आपल्या साउंडच्या गाडीपाशी होता. आत बोलावलं नाही म्हणून तो आत गेला नव्हता, आणि बोलावलं असतं तरी गेला असता की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. वायरी गुंडाळता गुंडाळता त्याला लिंबाखालचं सगळं ऐकू येत होतं. गावात डीजे म्हणजे त्याची ही गाडी. चुलतभाऊ नेमकं काय करतो, ते लोकांना अजून नीट कळलेलं नव्हतं.

मल्हार आला आणि गाडीच्या फळीला टेकला.

"फ्लेक्सचं मला सांगायचंस तरी, विश्वा."

"बापाचं काम. मी नुसतं खांब रवलं."

"ढोल तूच धर की. आबांच्या संगं इतकी सालं तूच ऱ्हायलास, सरावाला ढोलबी तूच धरलास. मी पुण्यात हुतो."

विश्वजितनं वायर खाली टाकली. त्याला जे ऐकायचं होतं तेच हे वाक्य होतं, आणि तरी ते ऐकून त्याच्या अंगाची लाही झाली.

"तुला उद्या विमान गाठायचं हाय, म्हून माझ्या गळ्यात घालतुयास व्हय? दादा, आण्णांच्या हाताला झटका आला तवा दवाखान्यात कोण हुतं? त्या राती माझ्या मनात काय आलं सांगू? आलं, की आता तरी मला इचारत्याल. लाज वाटली मला माझीच. पर इचारलं न्हाई कुणी. फ्लेक्सवर तुझं तोंड, आन मी शुभेच्छुक."

"मी आबांना सांगतो."

"सांगू नगंस. तुझ्या सांगण्यानं मिळालेलं मला नगं. त्यांच्या तोंडातनं आलं तर बघू. न्हाई आलं तर तूच वाजव परवा, आन मी भंडारा उधळतो."

विश्वजितनं पाठ फिरवली. दोघं लहानपणी एका घोंगड्यात झोपलेले. आज मध्ये एक गाडी उभी होती आणि कुणी ती हलवायला तयार नव्हतं.

उन्हं कलली तसे गजातले लोक जमले. डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल. कैताळवाला आपली झांजांसारखी कैताळं पुसत बसला. धुळाची खाट अंगणाच्या कडेला आणून ठेवली. नानासो रांगेत शेवटी उभा राहिला. गुडघा दुखऱ्या माणसानं शेवटी राहायचं, ही रीतच होती.

मल्हारच्या गळ्यात ढोल अडकवला. पट्टा नीट बांधला नव्हता, नुसता अडकवला होता; बांधायचा तो मान देतानाच. त्यानं ढोल वाजवायचं टिपरू हातात घेतलं. हात बसलेला होता, लहानपणी शिकलेलं विसरत नाही. 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' झालं आणि पहिली थाप पडली.

थाप चांगली होती. नानासोनं अभिमानानं खाटेकडं पाहिलं. प्रांजल ओसरीवर उभी होती. मल्हारच्या तोंडावर जे दिसत होतं ते तिनं कुठल्याही स्टेजवर पाहिलं नव्हतं. हा आता जात नाही, असं तिला वाटलं.

धुळा मात्र डोळे मिटून ऐकत होता. ढोल त्याचाच होता, चालही त्याचीच. पण मोबाईलवर ऐकताना जे खटकलं होतं आणि सांगता आलं नव्हतं, तेच इथंही होतं. थाप रेघेवर आखल्यासारखी सरळ चालली होती. धुळानं डोळे उघडले, ते गजाच्या पायांकडं. आता गिरकी येणार होती.

गिरकी आली. गज वळला, ढोल तसाच पुढं गेला. पुढचे ढोलाबरोबर निघाले, मागचे अजून वळत होते. दोघांचे खांदे आपटले, एकाचा रुमाल पायात आला, आणि शेवटी वळणारा नानासो दुखऱ्या गुडघ्यावर कोसळला.

कैताळं थांबली. विश्वजित गाडीमागून धावत आला आणि त्यानं बापाला बगलेत धरून उठवलं.

"काय न्हाई, काय न्हाई," नानासो धापा टाकत म्हणाला. "माझाच पाय चुकला. म्हातारा झालो. पोरगं झ्याक वाजवतंय."

"तुझा पाय न्हाई चुकला, नाना," धुळा म्हणाला. "ढोल थांबला न्हाई."

"आण्णा, जाऊ द्या. परवापत्तूर बसंल हात."

"मी काय म्हणतुया, मल्हार? गिरकीला ढोल थांबतो. शेवटच्या माणसाचा पाय भुईला लागंपत्तूर टिपरू वरच धरायचं. तू ढोलाकडं बघत हुतास. मी पायाकडं बघत आलोय. माझा बाप लंगडा झाल्यावर बी गजात नाचायचा, तवा लय थांबाय लागायचं. कदी कमी, कदी जास्त. ती जागा कुठं गेली तुझी?"

मल्हारनं टिपरू खाली घेतलं. त्याला ती जागा ठाऊक होती. पुण्यातल्या खोलीत यंत्राच्या पडद्यावर आबांचा ढोल त्यानं हजार वेळा पाहिला होता, आणि दर गिरकीला एक मोकळी जागा दिसायची, कधी लहान, कधी मोठी. रॅपच्या चालीत ती बसत नव्हती.

"मीच काढली, आबा."

"का?"

"चूक वाटली मला. वाटलं, तुमचा हात उशिरा पडलाय. मी सगळं सरळ करून घेतलं. मग तेच ऐकत ऱ्हायलो इतकी सालं."

बनाबाईनं पदर तोंडाला लावला. मल्हारला वाटलं, आबा चिडले असते तर बरं झालं असतं. चूक कळल्यावर ती दुरुस्त करायला त्याला एक रात्र पुरली असती, आणि तेवढ्यात तो हात परत बसवूही शकला असता. क्षणभर त्याला खरोखर वाटलं, की थांबावं. सगळं सोडावं आणि इथं बसून आबांकडून ती जागा परत शिकावी.

"आबा, मी ऱ्हातो," तो म्हणाला. "शिकतो परत."

प्रांजलनं ओसरीचा खांब धरला. हे तिच्या बोलण्याचं नव्हतं.

धुळानं पोराकडं बघितलं. तो इतका कडक माणूस, पण त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"न्हाई. शिकायला तू घरात ऱ्हायला पायजेस. साल साल गजाच्या पायांकडं बघायला पायजेस. तुझा पाय फाट्यावर हाय, मल्हार. तुझा दोष न्हाई त्यात. आक्का म्हणती ते खरं हाय, दिलेल्या शबुदाला जावंच लागतं." मग त्यानं मान वळवली. "विश्वा, म्होरं ये."

विश्वजित बापाला धरून उभा होता. तो हलला नाही. नानासोच कळवळून बोलला.

"आण्णा, आसं करू नगा. भावाचा हात गेला आन नानासोनं ढोल आपल्या पोराच्या गळ्यात घातला, आसं गाव म्हणंल. मी कुणाला तोंड दावू? फ्लेक्सवर बी मल्हारचंच नाव हाय."

"गावाचं तोंड मी बघतो. आन फ्लेक्स फाटतो वाऱ्यानं," धुळा म्हणाला. बनाबाई उठली आणि तिनं नानासोचा दुसरा हात धरला. "पोराला सोड, नाना. मला धर."

नानासोनं विश्वजितचा हात सोडला. विश्वजित दोन पावलं पुढं आला.

"आण्णा, तुमी मनापासनं म्हणताय का अडलं म्हून?"

"तू ढोल धरलास आन कवा कोण पडलं का रं?"

"न्हाई."

"मग? मीच आंधळा. थोरल्याचं पोर, थोरल्याचं पोर करत बसलो." धुळानं मल्हारला खूण केली. "माझ्या हातानं गाठ बसत न्हाई. पट्टा तू बांध. आन एक ध्यानात घे. आज बांधलास, की ढोल त्याचा. त्याच्या मागनं त्याच्या पोराचा. आपल्या दारात परत यायचा न्हाई."

मल्हारनं ढोल उतरवला. तो उचलून विश्वजितच्या खांद्यावर दिला आणि पट्ट्याची गाठ मारायला पाठीमागं गेला. चामडं जुनं होतं, आबांच्या घामानं काळं पडलेलं. तबकडीवर न चुकणारी त्याची बोटं गाठीवर चुकली. गाठ एकदा सुटली, मग दुसऱ्यांदा बसली. त्यानं ती ओढून घट्ट केली. ढोल विश्वजितचा झाला, आणि त्याच क्षणी उद्याचं विमान त्याचं झालं.

"घट्ट झाली का?" त्यानं विचारलं.

"झाली," विश्वजित म्हणाला.

"आता गज पुरा करा," धुळा म्हणाला. "अर्ध्यावर सोडायचा न्हाई. नाना बसंल. मल्हार, नानाच्या जागी तू उभा ऱ्हा."

"मला पावलं न्हाई येत आता, आबा."

"म्हूनच शेवटी उभा ऱ्हा म्हणलं."

नानासोनं आपला रुमाल काढून त्याच्या हातात दिला. मल्हार रांगेच्या शेवटी गेला. विश्वजितनं टिपरू कपाळाला लावलं आणि थाप टाकली. गज निघाला. मल्हार मागून चालला, एक पाऊल कधी आधी, कधी नंतर. स्टेजच्या ज्या जगात तो टिकून राहिला होता, तिथं असं पाऊल चुकवणारा दुसऱ्या दिवशी घरी जातो. कैताळं चढत गेली. पुढचे वळले, मधले वळले, आणि मल्हार गिरकीत अडकला. रुमाल एकीकडं, पाय दुसरीकडं, तोल सावरत तो अजून वळतच होता.

ढोल थांबला होता. विश्वजितचं टिपरू हवेत होतं आणि त्याचे डोळे मल्हारच्या पायावर होते. सगळा गज रुमाल वर धरून उभा होता. कुणी घाई केली नाही.

मल्हारचा पाय भुईला लागला, आणि मग थाप पडली.